एका पिनचा माग : भोसरीतल्या मशीन शॉपसाठी ईआरपी निवडताना (प्रकल्प नोंदी)

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आज एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, शॉप शांत. तरी साहेबांनी बोलावून घेतलं. दिवाळीत त्यांच्या साडूंनी मोबाइलवर आपल्या कारखान्याचा डॅशबोर्ड उघडून दाखवला, तेव्हापासून हे डोक्यात आहे. "एप्रिलपासून आपल्याकडेही ईआरपी पाहिजे. कुठली घ्यायची ते तू शोध." ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, बिलं, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. प्लॅनिंग माझ्याकडे, अर्धं परचेस माझ्याकडे, म्हणजे हेही माझ्याकडेच.

आमचा पसारा असा : अकरा सीएनसी, तीन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन बँडसॉ (बार कापायच्या करवती), पन्नासेक माणसं. उलाढाल दहा कोटींच्या वर. पिना, बुश, छोटे शाफ्ट. गिऱ्हाईक मुख्यतः चाकण आणि रांजणगावचं. टर्निंग (लेथवरचं काम) घरात, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग आणि सेंटरलेस ग्राइंडिंग बाहेर जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्यांकडे मजुरीवर. हिशेब टॅलीत. बाकीचं एक्सेलमध्ये, वह्यांत आणि मामांच्या डोक्यात. मामा म्हणजे आमचे स्टोअर. बावीस वर्षं झाली.

एकदा हात पोळून झालेला आहे. जीएसटी आला त्या वर्षी, २०१७ ला, ओळखीतल्या एकाकडून स्टोअरचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं होतं. तो परदेशी गेला, सोर्स कोडही त्याच्याबरोबर गेला. तो कॉम्प्युटर अजून स्टोअरमध्ये आहे. त्याच्यावर गजानन महाराजांचा फोटो ठेवलाय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बाहेर शोधायच्या आधी घरात काय आहे ते मोजलं. एक्सेलच्या फायली ४१. त्यांपैकी सात फायलींच्या नावात 'फायनल' आहे, एकीच्या नावात 'फायनल खरी'. वह्या सहा : आवक, जावक, जॉबवर्क चलन (बाहेर जाणाऱ्या मालासोबतचा कागद), कटिंग, रिजेक्शन, आणि मामांची एक खासगी वही जी कुणाला दाखवत नाहीत.

बुधवारी मतदान, त्यामुळे दोन विक्रेत्यांनी या आठवड्यातल्या भेटी पुढे ढकलल्या. बरंच झालं. त्यांना काय विचारायचं हे मलाच अजून ठाऊक नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवसभर एकाच पिनच्या मागे फिरलो. गेटपासून गेटपर्यंत.

ईएन-८ पोलादाचा ४० मिमी व्यासाचा बार येतो तो किलोत. वजनकाट्याची पावती असते. मामा तो रॅकवर लावतात तो नगात, "सत्तावीस बार". बँडसॉवर त्याचे तुकडे होतात. मग टर्निंग. मग हीट ट्रीटमेंटला चलन, आणि तिथलं बिल पुन्हा किलोवर. प्लेटिंगवाला नगावर पैसे घेतो. गिऱ्हाईक नगावर. एक पिन घरातून निघून गाडीत बसेपर्यंत तिचं माप चार वेळा फिरतं, आणि दर वेळी ते फिरवणारा माणूस वेगळा असतो. आमचे सगळे घोळ, म्हणजे अक्षरशः सगळे, या वळणांवरच होतात.

संध्याकाळी एक प्रश्नपत्रिका केली. प्रत्येक विक्रेत्याने आपला डेमो बाजूला ठेवून माझ्यासमोर हेच करून दाखवायचं :

हीट ट्रीटमेंटला ५०० पिना गेल्या, वजन ३०५ किलो. आठवड्याने ३०० परत आल्या. चार दिवसांनी आणखी १९८. दोन कडकपणा तपासायला कापल्या, त्या येणारच नाहीत. बिल ३०५ किलोचं. आता चलनावर बाकी शून्य दिसली पाहिजे, दोन पिनांचा पत्ता लागला पाहिजे, आणि उरलेल्या ४९८ पिनांची किंमत बरोबर निघाली पाहिजे.

दुसरा प्रश्न लहान : गिऱ्हाईकाने एक पिन हातात घेऊन "हिचा हीट नंबर कुठला?" (पोलाद ज्या वितळीतून आलं तिचा क्रमांक) विचारलं तर कोणत्या बारची, कोणत्या टेस्ट सर्टिफिकेटची, हे मागे जाऊन दाखवा. आज आम्हाला त्याला अर्धा दिवस लागतो. मामा नसले तर दीड.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मामांना सांगितलं की या सॉफ्टवेअरच्या पोटात एमआरपी असतं. ते म्हणाले, "आपल्या पिनेवर कुठे छापील किंमत असते?" मग समजावलं : मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंग. आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात बसवलेली पद्धत. शेड्यूल किती, हातात किती, वाटेत किती, तर मागवायचं किती आणि कधी. मामा म्हणाले, "हे मी रोज करतो की." करतात. आषाढात वारीला गेले की ते होत नाही, एवढाच फरक.

आजवर वाचून, फोन करून पर्याय गोळा केले ते लिहून ठेवतो.

टॅलीवरच राहणं. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टॅलीप्राइममध्ये बिल ऑफ मटेरियल (कोणत्या वस्तूला कोणता माल किती, याची यादी) आहे, मॅन्युफॅक्चरिंग जर्नल आहे, जॉबवर्कच्या ऑर्डरी आहेत. आम्ही कधी उघडून पाहिलं नाही. मात्र कुठल्या मशीनवर कुठलं काम लावायचं, कोणत्या ऑपरेशनला माल अडकलाय, हे तिचं क्षेत्र नव्हे. ती हिशेबाची वही आहे आणि त्या कामात आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना दुसरं काही नको आहे.

एसएपी बिझनेस वन. इथे साहेबांचा एक समज दूर करावा लागला. "चाकणवाले एसएपीवर आहेत, आपण तेच घेतलं की दोन्ही जुळतील." पण मोठ्या कारखान्यांत असतं ते एस/४हाना किंवा त्याच्या आधीचं ईसीसी. बिझनेस वन हे त्याचं लहान भावंड नव्हे. इस्रायलमधल्या टॉपमॅनेज नावाच्या कंपनीचं उत्पादन, जे एसएपीने २००२ मध्ये विकत घेतलं. आडनाव एक, घर वेगळं. गिऱ्हाईकाच्या पोर्टलवर डिस्पॅचची माहिती चढवायला एक्सेल लागतं, आणि ते कुठूनही निघतं. बाकी माल पक्का : प्रॉडक्शन ऑर्डर, एमआरपी, बॅच, सगळं आहे. मशीनच्या क्षमतेचं बारीक नियोजन हवं असेल तर वरून ॲड-ऑन.

मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल. मूळ डेन्मार्कचं नॅव्हिजन. यात एक खाच आहे : उत्पादनाचा विभाग प्रीमियम लायसन्समध्येच येतो, इसेन्शियल्समध्ये नाही. पहिल्या वेळी दरपत्रक वाचताना माझ्या नजरेतून हे सुटलं होतं.

ओडू. बेल्जियमचं. २००५ साली टायनी ईआरपी म्हणून सुरू झालं, मग ओपन ईआरपी, २०१४ पासून ओडू. कम्युनिटी आवृत्ती मोफत, त्यात उत्पादनाचा मूळ भाग आहे. पण क्वालिटी, बारकोड आणि पूर्ण अकाउंटिंग एंटरप्राइजमध्ये, म्हणजे माणशी पैसे. दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या तीन आवृत्त्यांनाच आधार मिळतो. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी एकदा घर हलवायचं.

ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल या खुल्या परवान्याखाली, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला. फुकटची वेगळी आणि पैशांची वेगळी अशी दोन रूपं नाहीत, माणशी लायसन्स नाही. पैसे जातात सर्व्हरला आणि बसवून देणाऱ्याला. २०१७ चा अनुभव असल्याने सोर्स कोड आपल्या हातात असणं मला फार मोलाचं वाटतं. साहेबांना तितकं नाही वाटत. "कोड घेऊन तू काय लोणचं घालणार?" त्यांचंही खरं आहे.

शिवाय पुण्यातलंच एक तयार पॅकेज, खास ऑटो कंपोनंटवाल्यांसाठी केलेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पहिला डेमो. दोन माणसं, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. पडद्यावर सायकल बनवणारी कंपनी : दोन चाकं, एक हँडल, एक सीट. सायकल झक्क तयार झाली. मग रंगीत डॅशबोर्ड. साहेब पुढे सरकून बसले.

मी प्रश्नपत्रिका पुढे केली. "हो, होईल ना सर." करून दाखवा म्हटलं. "हे कस्टमायझेशनमध्ये होईल." हीट नंबर? "तोही होईल." पुढच्या तासात 'होईल' हा शब्द चौदा वेळा आला, मी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारत होतो. 'आहे' दोनदा आला.

९ डिसेंबर, सोमवार

दुसरा डेमो. एकच तरुण आला, इचलकरंजीकडचा, आधी स्वतः मशीन शॉपमध्ये नोकरी केलेला. प्रश्नपत्रिका वाचली आणि आम्हालाच विचारलं, "दोन नग टेस्टला गेले ते कुणाच्या खर्चात? तुमच्या की हीट ट्रीटमेंटवाल्याच्या?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे, मामा छताकडे. ठरलेलंच नाहीये. इतकी वर्षं दोन-दोन पिना कुठे गेल्या हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याने दीड तासात ५०० पिनांचं चलन समोर करून दाखवलं. ४९८ ची किंमत निघाली. साहेबांना डॅशबोर्ड राहिल्याची चुटपुट लागली.

१२ डिसेंबर, गुरुवार

सुट्टीच्या दिवशी कच्च्या मालाची मोजणी. नवीन काहीही घ्या, पहिल्या दिवशी स्टॉक खरा लागतो, म्हणून आत्ताच रंगीत तालीम.

ईएन-८, ४० मिमी : पुस्तकी शिल्लक आणि रॅकवरचा माल यांत १,७४० किलोंचा फरक. कमी. पावणेदोन टन लोखंड म्हणजे खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. साहेबांचा आवाज चढला. मामा काही बोलले नाहीत, चहाही घेतला नाही. आणि गंमत म्हणजे ३८ मिमीचा बार चारेकशे किलो जास्त भरला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

रात्री झोप नव्हती. सकाळी सहाला बँडसॉपाशी जाऊन उभा राहिलो आणि फुटपट्टी लावली. उत्तर तिथेच होतं.

गोल बारचं वजन काढायचं शॉपमधलं सूत्र : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. चाळीसचा वर्ग १,६००, भागिले १६२, ९.८८ किलो. सहा मीटरचा बार ५९.२६ किलो. आमचा तुकडा ८५ मिमी, म्हणजे ०.८४ किलो. एक्सेलमध्ये एका पिनला ०.८४ किलो कच्चा माल लागतो असंच धरलेलं, कित्येक वर्षं.

पण पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं. म्हणजे ८८ मिमी. हिशेबाने बारमधून ६८ तुकडे निघायला हवेत, पण मग शेवटी १६ मिमीचं टोक उरतं आणि तेवढ्यावर बँडसॉची पकड बसत नाही. म्हणून ६७. उरतं १०४ मिमीचं टोक. ५९.२६ भागिले ६७ म्हणजे पिनमागे ०.८८४५ किलो. फरक पिनमागे साडेचव्वेचाळीस ग्रॅम.

ऑक्टोबरपासून आम्ही ३८,००० पिना कापल्या. गुणाकार : १,६९१ किलो. मोजणीतली तूट १,७४०. उरला फरक ४९ किलोंचा, एक अख्खा बारसुद्धा नाही.

आणि ३८ चा जास्तीचा माल? मामांनी आता तोंड उघडलं. १०४ मिमीच्या टोकातून ४८ मिमीचे दोन बुश निघतात. ते बुश ३८ च्या बारमधून करायचे असतात, पण चाळीसचं टोक भंगारात टाकायला त्यांचा जीव होत नाही. म्हणून ते टोकांतून करतात, आणि वहीत मात्र ३८ चा बार खर्ची पडत नाही. ती खासगी वही ही होती. प्रत्येक टोक लिहिलेलं.

साहेब स्टोअरमध्ये आले, मामांजवळ बसले, दोन चहा सांगितले. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

प्रश्नपत्रिकेत तिसरा प्रश्न वाढवला : उरलेलं टोक वेगळा माल म्हणून स्टोअरमध्ये जमा करा, आणि ते दुसऱ्या वस्तूला बदली माल म्हणून खर्ची टाका.

१७ डिसेंबर, मंगळवार

सीए साहेबांकडे अडीच तास. मुद्दे तसेच उतरवतो, कारण पुढे निवडीत हेच उपयोगी पडणार.

आपण प्रायव्हेट लिमिटेड, म्हणून १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंधनकारक. कुणी, कधी, काय बदललं याचा माग, आणि तो बंद करता येता कामा नये. टॅलीप्राइमला ती सोय आहे. नवीन काही घेतलं आणि विक्रीची बिलं त्यातून निघाली तर त्यालाही हाच नियम.

ई-इन्व्हॉइस आपल्याला लागूच आहे. येत्या १ एप्रिलपासून दहा कोटींच्या वरच्यांना बिल तीस दिवसांच्या आत सरकारी पोर्टलवर चढवावं लागेल, नंतर ते घेतलं जाणार नाही.

जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर. पाच कोटींच्या वर उलाढाल असल्याने आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरणपत्र, सहामाही. आमचं चलन रजिस्टर पाहून ते चष्मा पुसत बसले.

सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत तर प्राप्तिकराच्या कलम ४३बी(एच) खाली तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरला जातो. आमचे बहुतेक जॉबवर्कवाले त्याच गटातले. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. आणि स्वीकारल्याची तारीख असते मामांच्या आवक वहीत, मॅडमच्या टॅलीत नव्हे. मॅडम बिलाची तारीख धरतात.

भंगार : एका बारमागे पंधरा किलोंवर टर्निंगचा चुरा निघतो. ऑक्टोबरपासून नोंदणीकृत व्यापारी धातूचं भंगार घेताना करार अडीच लाखांच्या वर असेल तर दोन टक्के जीएसटी टीडीएस कापतो. म्हणजे भंगारही आता मोजून, लिहून.

बाहेर पडताना वाटलं, स्टोअरचं सॉफ्टवेअर शोधायला निघालो आणि निम्मे प्रश्न अकाउंट्सचे निघाले.

२७ डिसेंबर, शुक्रवार

तळवड्याला एका शॉपमध्ये गेलो, जिथे तीन वर्षं एक नामांकित ईआरपी चालू आहे. मालक भरभरून बोलले. मग मी स्टोअरमध्ये जायची परवानगी मागितली.

कॉम्प्युटरशेजारी लाल वही. स्टोअरकीपर दिवसभर वहीत लिहितो, संध्याकाळी एक मुलगी ती वही बघून नोंदी भरते. मालकाच्या मोबाइलवरचा डॅशबोर्ड म्हणजे ती लाल वही, एक दिवस उशिराने. सॉफ्टवेअरची यात चूक नाही. स्टोअरकीपरला लॉगिन दिलेलं नाही, कारण लॉगिनला पैसे पडतात.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पाच कोटेशन आली. दोन माणशी-महिना, एक एकरकमी अधिक वार्षिक देखभाल (एएमसी), एक सर्व्हरच्या आकारावर, एक कामाच्या दिवसांवर. शेजारी ठेवून कळण्यासारखं काही नाही. सगळ्यांचा पाच वर्षांचा खर्च मीच एका कागदावर मांडला.

लायसन्स एक रुपया धरलं तर बसवणं, शिकवणं, जुना डेटा भरणं याला कुठे सव्वा रुपया, कुठे अडीच. 'फुकट' सॉफ्टवेअरचं कोटेशन पहिल्या वर्षी सगळ्यांत स्वस्त नव्हतंच. तिसऱ्या वर्षापासून ते खाली येतं. आणि सगळा हिशेब एका आकड्यावर फिरतो : वापरणारे नऊ की चोवीस? नऊ म्हणजे ऑफिस. चोवीस म्हणजे मामा, त्यांचा मदतनीस, गेट, बँडसॉ, दोन्ही शिफ्टचे सुपरवायझर. तळवडे पाहिल्यावर मी नऊचा हिशेब खोडून टाकला. चोवीसवर माणशी लायसन्सवाले तिन्ही पर्याय फार महाग पडू लागले.

"उद्या तुम्हाला सोडायचं झालं तर आमचा डेटा कसा मिळेल?" हा प्रश्न पाचांनाही पाठवला. उत्तर दोघांचं आलं.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचे तिळगूळ अजून टेबलावर. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ईआरपीनेक्स्ट चढवलं. खुलं सॉफ्टवेअर असल्याने कुणाची परवानगी लागली नाही, फक्त माझी एक सुट्टी गेली. आज मामांना बसवलं.

किलो आणि नगाचं गुणोत्तर प्रत्येक मालाला वेगळं द्यावं लागतं : ४० चा बार ५९.२६, ३८ चा ५३.४८. एकदाच भरायचं, पण बारकाईने. हीट नंबर बॅच म्हणून बसला. टोकाला वेगळा आयटम कोड देऊन बुशला बदली माल म्हणून जोडलं, चाललं.

अवघड गेलं ते जॉबवर्क. बाहेर पाठवताना गेलेला माल आणि आलेला माल यांचे कोड वेगळे लागतात. पिन-टर्न, पिन-हीट, पिन-प्लेट. मामा म्हणाले, "माल एक आणि नावं तीन, हे काय बारसं आहे?" मी म्हटलं, मामा, हीट झालेली आणि न झालेली पिन एकाच बिनमध्ये ठेवाल का? ते थांबले. "नाही ठेवणार." मग कोड वेगळा का नको? यावर त्यांनी तिळगूळ खाल्ला.

एका बोटाने का होईना, ५०० पिनांचं चलन मामांनी स्वतः केलं. बावीस मिनिटं. दुसऱ्यांदा नऊ.

२८ जानेवारी, मंगळवार

साहेबांपुढे दोन पानी टिपण. शेवटी दोनच उरले होते : बिझनेस वन आणि ईआरपीनेक्स्ट. धाकट्या साहेबांचा कल पहिल्याकडे : "बँकेत, गिऱ्हाईकाकडे नाव सांगता येतं." हे कारण मी क्षुल्लक मानत नाही, ऑडिटला आलेल्या गिऱ्हाईकाच्या माणसाला ओळखीचं नाव दिसलं की त्याचा चेहरा सैल होतो, हे मी पाहिलंय. आमची दोन-तीन युनिट असती, निर्यात असती, तर मीही तिकडेच हात वर केला असता.

ठरलं ते असं. खरेदी, स्टोअर, जॉबवर्क, उत्पादन आणि विक्रीची बिलं ईआरपीनेक्स्टमध्ये. हिशेब एक वर्ष टॅलीतच, रोजच्या नोंदी फाइलने तिकडे. दोन घरांत संसार मला मान्य नाही, तसं टिपणात लिहिलंय. पण मार्चअखेरीला मॅडमच्या हातातून टॅली काढून घेणं म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल बदलणं. बसवून द्यायला इचलकरंजीकडचा तोच तरुण. तो तीन सॉफ्टवेअरांची कामं घेतो. डॅशबोर्ड शेवटच्या टप्प्यात. साहेब हे वाक्य दोनदा वाचून "बरं" म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालांची मूळ यादी. ३,१२० ओळींतून खरे माल १,४०६ निघाले. एम८ चा एकच बोल्ट सहा नावांनी : 'बोल्ट ८', '८ एमएम बोल्ट', 'आठचा बोल्ट', 'बोल्ट एम८ ×२५', 'बोल्ट (छोटा)', आणि एक नुसताच 'बोल्ट'. या कामाबद्दल कुठल्याही डेमोत एक शब्द ऐकला नव्हता. तीन आठवडे गेले.

१३ मार्च, गुरुवार

होळी. मामांनी जुन्या जॉबवर्क चलनाच्या वह्या टाकायला काढल्या होत्या, मी अडवल्या. सहामाही आयटीसी-०४ अजून त्यांच्यावरूनच भरायचं आहे.

३० मार्च, रविवार

पाडवा. साहेबांना आजच्या मुहूर्तावर सुरुवात हवी होती. मॅडम अडून बसल्या : वर्ष ३१ ला संपतं, दोन दिवस आधी सुरू केलं तर तोच माल दोन ठिकाणी दिसेल. दोघंही बरोबर. तोड अशी काढली : गेटवर गुढी उभारली, कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं, आणि साहेबांच्या हाताने पहिली वर्क ऑर्डर सेव्ह केली, काम सुरू करायची तारीख १ एप्रिल. पेढे आजच वाटले.

४ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी सात. चाकणची गाडी भरून उभी, बिल निघेना. सॉफ्टवेअरच्या मते तयार पिना शिल्लकच नाहीत, आणि समोर ट्रॉलीत १,२०० पिना दिसतायत. बुधवारपासूनच्या कटिंगच्या नोंदी भरल्याच नव्हत्या, त्यामुळे पुढची साखळी अडली. चूक आमची, म्हणजे माझी. दुसऱ्या शिफ्टला शिकवायचं राहिलं होतं.

धाकटे साहेब म्हणाले, "ते निगेटिव्ह स्टॉकचं बटण आहे ना, चालू कर." आहे. शिल्लक नसली तरी माल गेल्याची नोंद होऊ देतं. एका टिकचं काम. पण ते एकदा चालू झालं की कटिंगची नोंद कुणी कधीच वेळेवर करणार नाही, आणि डिसेंबरमधली मोजणी पुन्हा होईल. मी नाही म्हटलं. मामा आणि मी बसून राहिलेल्या सगळ्या नोंदी भरल्या. गाडी पन्नास मिनिटं उशिरा सुटली. ड्रायव्हरने जाताना जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

आयटीसी-०४ ची मुदत परवा. ऑक्टोबर ते मार्चची चलनं वह्यांवरून जुळवली. एक चलन लटकलेलं : मागच्या वर्षीचं, प्लेटिंगला ११२ बुश, परत आल्याची नोंद नाही, आणि वर्ष उलटायला नऊ दिवस बाकी. प्लेटिंगवाला शपथेवर सांगतो की दिले. दोन फोन तापले.

दुपारी मामा त्या जुन्या कॉम्प्युटरचं टेबल सरकवत होते, नवा बारकोड प्रिंटर ठेवायला. टेबलामागे गोणपाटात गुंडाळलेला बिन निघाला. मोजले : ११२.

मामांनी आधी महाराजांचा फोटो उचलून वरच्या फळीवर ठेवला, मग हात पुसले आणि आवक नोंदवायला बसले. सहा मिनिटं.